धूम्रगडच्या राजावर बसलेला नसाब

जय सेवालाल.

चि. रीता हिला मंगरूळपीरच्या अलीकडच्या फाट्यावरून आत वळल्यावर जो तांडा लागतो, तिथल्या कारभाऱ्याचे, म्हणजे तुझ्या सोमलाकाकाचे, पोटभर आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत. तुझ्या काकीचा गुडघा तेवढा बरा नाही, पण जिभेला काही झालेलं नाही, त्यामुळे घर चालू आहे. तुझी प्रकृती कशी आहे? पुण्याचं पाणी मानवलं का? होस्टेलात भाकरी मिळते की नुसताच पाव? (तुझ्या बापूचा विषय पत्रात काढायचा नाही, असं काकीनं मला बजावलंय. दोन वर्षं बापलेकीत बोलणं नाही, त्यात तू तेल ओतू नको म्हणाली. तेव्हा तो विषय मी काढणार नाही. पुढे कुठे आला तर आपोआप आला असं समज.)

तर तुझं पुस्तक मिळालं. कुरिअरवाला काही तांड्यापर्यंत येत नाही, तो फाट्यावरच्या किराणा दुकानात पाकीट टाकून गेला. तुझी काकी साखर आणायला गेली ती साखर विसरून पाकीट घेऊन आली. उघडून पाहते तर वर चित्र: केस मोकळे सोडलेली बाई, हातात तलवार, खाली पंखांचा घोडा. काकीला चष्म्याशिवाय अक्षर दिसत नाही आणि चष्मा लावायची तिला लाज वाटते. तिनं हात जोडले, हळदीकुंकू वाहिलं आणि तुझी राजकन्या देवघरात नेऊन बसवली. चांगली आठवडाभर तिथे होती. दोघीतिघी नवससुद्धा बोलून गेल्या, आणि एकीची हरवलेली शेळी सापडली, त्यामुळे पुस्तक बाहेर काढायला विरोध झाला. शेवटी आमच्या निताला सुट्टी लागली, ती कॉलेजातून घरी आली, आणि तिनं ओरडून सांगितलं की अगं आई, ही देवी नाही, ही आपल्या रीताची कादंबरी आहे! तेव्हा कुठे तू देवघरातून सुटलीस. मुखपृष्ठावरचं कुंकू मात्र जात नाही.

वाचायचं ठरलं, पण एक अडचण होती. तुझं नाव नायकाच्या नजरेला पडलं तर काय होईल कोण जाणे. (नायक म्हणजे तांड्याचा नायक लालसिंग, माझा थोरला भाऊ. विषय आपोआप आला आहे.) म्हणून नितानं तुझ्या नावावर जुन्या कॅलेंडरचा कागद चिकटवला आणि सगळ्या तांड्यानं शपथ घेतली की लेखिका कोण हे आपल्याला माहीत नाही. सोयाबीन निघालं होतं, ऊसतोडीची गाडी यायला वेळ होता, माणसं रिकामी होती. रोज दुपारी देवळाच्या ओट्यावर निता मोठ्यानं वाचायची आणि तांडा ऐकायचा. नायक ऐकायला यायचा नाही. तो आपला ओट्याच्या मागे बसून बैलाचं दावं वळायचा. ते दावं इतकं लांब झालं की आता त्याला पाच बैल बांधता येतील.

पोरी, काय लिहिलंयस! धूम्रगडचा महाराज भद्रकेतू, त्याची ती हट्टी लेक तेजोमाला, गुपचूप विष कालवणारा सेनापती, पडद्याआडच्या मसलती. आम्ही तर जेवणं विसरलो. एक तक्रार आहे ती सांगून टाकतो. तुझ्या त्या प्रधानाचं पोट सुटलेलं आहे, तो दोन्ही बाजूंना हो म्हणतो आणि बोलायला लागला की थांबत नाही. असा माणूस तुला कुठे भेटला ते मला माहीत नाही, पण सगळा तांडा मला आता 'प्रधानजी' म्हणून हाक मारतो. असो.

भांडण लागलं ते लग्नाच्या प्रसंगावरून. राजानं ठरवलेल्या राजपुत्राला तेजोमाला नाही म्हणते, भर दरबारात पाहुण्यांसमोर म्हणते, आणि दूरच्या विद्यापीठात निघून जाते. झालं! तांड्यात दोन तट पडले. राजाकडचे आणि राजकन्येकडचे. हातपंपावर दोन रांगा लागल्या. राजाकडच्या बायका राजकन्येकडच्यांना विरजण देईनात. शेजारगावचे उकंडराव पाटील शेळी बघायला आले होते, ते शेळी विसरून राजाच्या बाजूनं भांडत बसले. ऊसतोडीचा मुकादम गाडी घेऊन आला, तर माणसं गाडीत चढेनात. तो शिव्या देत ओट्यावर टेकला, आणि दोन पानं ऐकल्यावर म्हणाला, "सेनापतीची बी काही मजबुरी असंल ना!" त्या दिवशी गाडी गेली नाही.

मग ते पान आलं. राजा लेकीला काय म्हणतो ते पान. नितानं ते पान हळूच उलटलं आणि पुढचं वाचायला लागली. आम्हा सगळ्यांच्या ते ध्यानात आलं. तेवढ्यात ओट्याच्या मागून, दाव्यावरची नजर न काढता, नायक म्हणाला, "एक पान सोडलं तू. वाच."

रीता, आम्ही कागद चिकटवून शपथा घेत होतो, आणि त्यानं पुस्तक सगळ्यांच्या आधी वाचलेलं होतं. देवघरात होतं तेव्हाच. काकी म्हणतच होती की नायक अलीकडे आमच्या देवाजवळ फार वेळ बसतो.

निता वाचती झाली. "या दारातून बाहेर गेलीस, तर हे दार तुला ओळखणार नाही." तुझ्या सगाईचे पाहुणे माघारी गेले त्या दिवशी हे वाक्य आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. तू फक्त तांड्याच्या जागी दार घातलंस. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. मला तर फार वाईट वाटलं, खरं सांगतो. तुझं वाटलं आणि त्याचंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी हातपंपावर घागरी फुटल्या, तेव्हा मी कारभारी या नात्यानं नसाब बोलावला. तांड्यात भांडण झालं तर ते नसाबात मिटवायचं आणि निकाल नायकानं द्यायचा, ही आपली रीत तुला ठाऊक आहे. भांडण खोट्या राजाचं असलं तरी घागरी खऱ्या होत्या. राजाच्या बाजूनं बोलायला कोणी उठेना, शेवटी मी उठलो. (प्रधानाचं कामच ते.) मी म्हणालो की राजा लहानपणापासून हुकूम द्यायला शिकला, चुकलं म्हणायचं त्याला कोणी शिकवलं नाही, आता उतारवयात कुठून शिकणार? बरं बोललो असं मला वाटलं. मग राजकन्येच्या बाजूनं तुझी याडी, आमची वहिनी, उठली.

दोन वर्षांत तुझ्या याडीनं नवऱ्यापुढे तुझं नाव काढलेलं नाही. त्या दिवशीही काढलं नाही. पदर सावरून म्हणाली, "पोट्टी दार वाजवून नाई राह्यली, म्हनून राजाले राग हाय. कायले वाजवंल ते? दार आतून लावलेलं हाय. आतून लावलेलं दार आतल्यानंच उघडा लागते." आणि खाली बसली. मुकादमानं डोळे पुसले. (तो धूळ गेली म्हणाला.)

मग नायक म्हणाला, "चूक राजाची हाय. राजानं सोता जावं. फौज नाई, पालखी नाई, मिशीले पीळ नाई."

तांड्यातली सगळ्यांत म्हातारी हिरीबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "हा निकाल राजालेच लागू का नायकालेबी?"

नायक उठला आणि बैलाला पाणी दाखवायला गेला. बैल नुकताच पाणी पिऊन आला होता. त्यानं पाण्याकडे पाहिलं नाही आणि नायकानं आमच्याकडे पाहिलं नाही. निकाल लागल्यामुळे हातपंपाच्या रांगा एक झाल्या, गाडी भरली, माणसं उसाला गेली, तांडा निम्मा रिकामा झाला. एवढीच हकिकत. तू जिवाला जप, रात्री उशिरापर्यंत डोळे फोडून लिहू नको, आणि दुसरा भाग लवकर काढ.

तुझा काका,
सोमला कारभारी

ता. क. दुसऱ्या भागात राणीला जिवंत करता आलं तर बघ. तू तिला पहिल्याच पानावर मारलंस, त्यावरून तुझी याडी तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी काय केलं होतं? पण तिचं म्हणणंही रास्त आहे. ती म्हणते, "मी असती त इतकं रामायन झालं असतं का?"

आणखी एक ता. क. तुझं सैन्य सहा महिने किल्ल्याला वेढा घालून बसलंय आणि त्यांच्या पोटाला धान्य कोण आणतं याचा कुठेच पत्ता नाही. अगं, आपल्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवर धान्य लादून मोठमोठ्या फौजा पोसल्या. नदीच्या अलीकडे एक तांडा उतरव. त्याचा कारभारी अंगानं सडपातळ असू दे.

शेवटचा ता. क. पाकिटावर तिकीट नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. पत्र पोस्टानं आलेलं नाही. वाशीमहून ट्रॅव्हल्समध्ये बसवून दिलेल्या एका माणसाच्या हाती मी ते पाठवलंय. त्यानं पत्र फोडून वाचलेलं नाही, त्याला वाटतं यात शेताच्या सातबाऱ्याचं काही आहे आणि तुझी सही लागते. खरं तर त्याला तसं वाटत नाही, पण निघायला काहीतरी कारण हवं होतं, ते आम्ही दोघांनी मिळून शोधलं. तुमच्या होस्टेलात पुरुषमाणसाला आत सोडत नाहीत असं निता म्हणाली, म्हणजे वॉचमननं पत्र वर आणून दिलं असेल आणि तो खाली फाटकापाशी थांबला असेल. उत्तर घेतल्याशिवाय हलायचं नाही, असं मी त्याला सांगितलंय. आणि मला लांबण लावायची खोड आहे, म्हणजे तू हे वाचत बसलीस तेवढा वेळ तो तिथे उन्हात उभा आहे.

पत्र ठेव बाजूला, रीता. खाली जा.