राखीचा आयकॉन

९ मार्च, सोमवार
आयकॉन मेले! सगळेच्या सगळे! कम्प्युटर चालू होते, पडद्यावर चित्रं दिसतात, पण क्लिक करा, डबल क्लिक करा — काही उघडत नाही. माउसचा बाण मात्र मजेत फिरून राह्यला. राखी सासरी गेली तेव्हापासून हेच सुरू हाय. जुन्या कम्प्युटरवर विंडोज काढून लिनक्स टाकून दिलं तिनंच. "आई, आता व्हायरस नाही, कटकट नाही." हाव, कटकट नाही म्हणे!

तिच्या लग्नाचे फोटो त्यातच हायेत. पाहायचे होते.

१० मार्च
बंद करून चालू केला. माउस बदलला. वायर काढून फुंकर मारली. आख्खी नोकरी पोरांले शिकवण्यात गेली, अन् या डबड्यापुढं मीच ढ!

राखीले विचारलं तं एका मिनिटात सांगेल. पण मी फोन करत नाही. नव्या सुनेच्या मायचा सारखा फोन आला की सासरचे म्हणतात, लुडबुड करते. तिनं केला तं केला.

१२ मार्च
केला तिनं. "मी मस्त हाय. तू जेवली का?" बस. मी आयकॉनचं सांगायले लागली तं — "आई, नंतर बोलते." मागून कोणीतरी जोरात हाक मारली होती.

घर खायले उठते. एकटीसाठी भाकर थापायची म्हणजे जिवावर येते. रेल्वे गेली की मांडणीतली भांडी वाजतात, तेवढाच घरात आवाज.

१४ मार्च
कलीम येऊन गेला. माझाच विद्यार्थी, स्टेशन रोडवर कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान हाय त्याचं. मले वाटलं, सगळं उडवून नवीन टाकतो म्हणेल. पण त्यानं एकच आयकॉन धरला — "राखी" नावाचा.

"मॅडम, हे तिच्या लॅपटॉपचं फोल्डर हाय, घरच्या वायफायवरून जोडलेलं. लॅपटॉप गेला सासरी, अन् कम्प्युटर त्यालेच शोधून राह्यला. तो सापडत नाही, म्हणून बाकीचे आयकॉनही अडकून बसतात."

पडद्यावरच्या काळ्या खिडकीत काहीतरी टाइप करून त्यानं तो बाजूले केला. फटाफट सगळं उघडलं! फोटो पाह्यले. पाठवणीचा फोटो आला अन् मले रडूच आलं.

"मिटवून टाकू का मॅडम कायमचा?"

"नाही! होता तिथं ठेव परत."

"काऊन?"

"आखाजीच्या सणाले येईल ती माहेरी. तोवर लेकीची वस्तू कोणी हलवायची नाही."

"मंग कम्प्युटर आखाजीलेच चालू होईन," म्हणे, अन् हसत गेला. होऊ दे.

१६ मार्च
राखीचा फोन. आयकॉनची गोष्ट सांगितली. वाटलं, खो खो हसेल. हसली नाही.

"आई, काढला तं नाही ना तो?"

"नाही वं बाई."

"राहू दे."

अन् फोन ठेवून दिला. मले मात्र बरं वाटलं — पोरीचा जीव हाय अजून या घरात! आखाजीले झोका बांधून घेतो. सांजोऱ्या करतो तिच्यासाठी.

१८ मार्च
सकाळी सवयीनं कम्प्युटर लावला. एका क्लिकात सगळं उघडलं. "राखी"सुद्धा.

लॅपटॉप टेबलावर चार्जिंगले लागला हाय. ती आतल्या खोलीत झोपली हाय. काल संध्याकाळच्या गाडीनं आली, दोन्ही मोठ्या बॅगा घेऊन. मी दोघींच्या भाकरी थापल्या.

आखाजीले अजून महिना हाय.