रुमालाखालचा हात

दादा, परवा तुमची विद्या मी आपल्या बैठकीत चालवून बघितली आणि तुमच्या नातीचं जमत आलेलं लग्न मोडता मोडता राहिलं. तुम्ही असता तर आधी एक शिवी घातली असती, मग तंबाखू मळत गालात हसला असता.

मुलगा पोरीनं स्वतःच पसंत केलेला. त्याचे वडील श्रीगोंद्याकडचे, रिटायर्ड हेडमास्तर. ते मुलाबरोबर आले, बसले आणि हाताची घडी घालून गप्प झाले. बायकोनं पोह्यांचा आग्रह केला तर नुसती मान हलवली. पोरीचा चेहरा उतरत चालला. अशा वेळी मला घोडेगावचा बाजारच आठवणार. तुम्ही तिथं बैलांची दलाली करायचा. एकदा मी बसलेल्या शेतकऱ्याशी उभ्यानं बोलत होतो, तर तुम्ही सदरा ओढून मला खाली बसवलंत. "पोलीस हाय का तू? गिऱ्हाईक बसलं का बसायचं. त्यानं मांडी बदलली का आपन बदलायची. मंग बघ कसं मोकळं हुतंय." एवढ्या शिकवणीवर मी पुढं पशुखाद्याचं दुकान उभं केलं. म्हणून परवा मास्तरांसमोर मीही घडी घातली. मास्तरांनी पायावर पाय टाकला, मी टाकला. त्यांनी कान खाजवला, मी खाजवला. ते खाकरले, मी खाकरलो. तेव्हा मास्तर पहिल्यांदा बोलले, "माझी नक्कल करणारी पोरं मी बाकावर उभी करायचो." आतल्या दारातून पोरगी दात खात म्हणाली, "पप्पा, प्लीज!"

मी घाबरलो, आणि घाबरलो की मी थेट बाजारात जातो. मानपानाचा टॉवेल समोर ठेवलेला होताच. मास्तरांच्या शेजारी जाऊन बसलो, टॉवेल त्यांच्या हातावर टाकला आणि खालून हात धरला. तुम्ही सौद्यात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायला धरायचा ना, तस्साच. मास्तर ताडकन ताठ झाले. "अहो, हे काय? आम्ही हुंडा घेणारे लोक नाही!" पोरीच्या डोळ्यांत पाणी. पण दादा, हात माझ्या हातात होता, आणि तो घामानं भिजलेला. तुम्ही म्हणायचा, "हात भिजला का समजायचं, गड्याला सौदा पायजे, पर भ्यालाय. तवा दाबायचं न्हाई. च्या सांगायचा." मी टॉवेल काढला, चहा टाकायला सांगितला आणि म्हणालो, "मास्तर, आमचे वडील बैलांचे दलाल. बोलणं अडलं की आम्ही हात धरतो. भाव नाही विचारला तुम्हाला." ते खाली बघत म्हणाले, "गाडीत पोरानं बजावलंय हो मला, 'नाना, तिकडं तोंड उघडू नका, तुम्ही बोललात की मोडतं.'" पोरगी रडता रडता फिसकन हसली. चहा झाला, पोहे झाले, तारीखही ठरली. निघताना मास्तरांनी गाडीच्या काचेतून माझ्याकडे बघत मुद्दाम कान खाजवला. मीही खाजवला.

हे लिहिलेलं आता दुकानाच्या गल्ल्यातच राहील. पण एक सांगायचं राहिलं. रुमालाखालच्या खुणा शिकवताना तेवढा तुमचा हात माझ्या हातात यायचा, एरवी त्यात कायम कुणाच्या तरी बैलाचा कासरा. खूण मला पहिल्या झटक्यात कळायची. तरी मी म्हणायचो, "न्हाई कळलं दादा, परत दाबा."