स्टँडवरचा टॉवेल

चाचा, तुम्ही मला एकदाच सुनावलं होतं. ज्यासाठी सुनावलंत, तेच मी परवा, बुधवारी, पुन्हा केलं. ते निस्तरायला गेले आणि त्याहून वाईट काहीतरी करून बसले. हे कोणाला तरी सांगायला हवं, आणि मधे न बोलता ऐकून घेणारे तुम्हीच होतात; तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली तरी.

मी आता हॉस्पिटलची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत आहे. प्रॉडक्ट मॅनेजर म्हणतात. तुम्ही लगेच विचारलं असतंत, हाताखाली माणसं किती? एकही नाही. तुमच्या कारखान्यात प्लॅनिंगला होते तेव्हाही नव्हतं. डिझाइन, कारखाना, विक्री, सगळ्यांकडून काम करून घ्यायचं आणि हुकूम कोणालाच द्यायचा नाही. सध्या काम आहे सिरिंज पंपाचं. पेशंटच्या शिरेत बेताबेतानं औषध सोडणारं यंत्र. औषध संपत आलं किंवा नळी तुंबली की ते वाजतं. चाळीस पंप शनिवारी, म्हणजे उद्या, निघायचे होते. मी तीन वॉर्ड पाहून आले होते आणि तिथे तो आवाज सिस्टरना ऐकू जात नव्हता. डिझाइनच्या प्रमुखाला सांगितलं. पस्तिशीचा, हुशार मुलगा. म्हणाला, "मॅडम, आवाज नियमापेक्षा जास्तच आहे. रिपोर्ट बघा." कारखान्याच्या मॅनेजरांकडे गेले. "तुमच्या सहीनं माल थांबतो का हो? नाही ना? मग चहा घ्या." मी जागेवर आले आणि डिझाइनला कडक मेल लिहिली, प्रत डायरेक्टरना. तासाभरात चार पानी उत्तर आलं, आलेखांसकट. पंप निर्दोष, माल शनिवारीच.

ती चार पानं वाचताना कारखान्याची हत्यारं आणि साचे बनवणारी तुमची टूलरूम डोळ्यांसमोर आली. मी बावीस वर्षांची, बी.एस्सी. होऊन कारखान्यात लागल्याला चौथा महिना. मशिनवर काम पकडून ठेवायचं एक फिक्स्चर तुमच्याकडे तीन आठवडे अडलं आहे आणि त्यावाचून अख्खी लाइन थांबली आहे. मी तुम्हाला चिठ्ठी पाठवते, प्रत वर्क्स मॅनेजरना. दहाव्या मिनिटाला तुम्ही माझ्या टेबलासमोर, तेलकट हात चिंधीला पुसत. "बाईसाहेब, ही चिठ्ठी मला लिहिलीत की साहेबांना? साहेबांना असेल तर कानसही साहेबच चालवतील." सगळं ऑफिस हसतं. मग तुम्ही आवाज खाली आणता, "उद्या साडेसातला टूलरूममध्ये या. घड्याळ बघून." दुसऱ्या दिवशी मला कळतं की ड्रॉइंगमध्ये एक भोक चुकीच्या जागी आहे, आणि तुम्ही ते लेखी परत पाठवलेलं नाही, कारण ज्यानं ते काढलं तो ड्राफ्ट्समन अजून नोकरीत कायम झालेला नाही. "मग त्याला सांगत का नाही?" "सांगितलं. तो म्हणतो, ड्रॉइंग बरोबर आहे. आता त्याला इथे आणायचं. ते तुम्ही करा, तुम्हाला कोणी घाबरत नाही." मी त्याला घेऊन आले. तुम्ही त्याच्या हातात मोजायची पट्टी दिलीत आणि पाठ फिरवून पलीकडच्या मशिनकडे गेलात. चूक त्याला दिसली तेव्हा ती बघायला तुम्ही तिथे नव्हतात. दोन दिवसांत फिक्स्चर तयार.

म्हणून गुरुवारी सकाळी मी डिझाइनमध्ये गेले. डिझाइनच्या प्रमुखानं मान वर केली नाही. "आता मेलवरच बोलू ना, मॅडम. डायरेक्टर वाचतायतच." मी म्हटलं, "मजकूर बरोबर होता. प्रत पाठवायला नको होती. ती चूक माझी." असं वाक्य मी नोकरीत फार कमी वेळा बोलले आहे. त्यानं घड्याळ बघितलं. "एक तास देतो. नंतर हा विषय बंद."

स्वारगेटच्या पुढच्या एका हॉस्पिटलात मी रिकामी खाट मागून घेतली होती. सिरिंजमध्ये साधं पाणी भरलं, पंप खाटेजवळच्या सलाइनच्या स्टँडला लावला. पण कंपनीची माणसं येणार म्हणून वॉर्ड लख्ख आवरून ठेवलेला. एरवी नातेवाईक ओला टॉवेल त्या स्टँडवरच वाळत घालतात, तिन्ही वॉर्डांत मी हे पाहिलं होतं, आणि पंपाचा आवाज बाहेर पडायची भोकं नेमकी मागच्या बाजूला आहेत. त्या दिवशी एकाही स्टँडवर टॉवेल नव्हता. डिझाइनचा प्रमुख अजून खाली गाडी लावत होता. चाचा, मी शेजारच्या खाटेजवळच्या बाईंना म्हटलं, "जरा टॉवेल देता?" आणि माझ्या हातानं तो स्टँडवर टाकला.

तो वर आला. पंप वाजायला लागला. सिस्टर दोनदा शेजारून गेल्या, वळल्या नाहीत. "सिस्टर, अलार्म ऐकू आला का?" "कुठला? वाजतोय?" मी खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत उभी राहिले. त्यानं टॉवेल उचलला ते मला मागे न बघता कळलं, आवाज एकदम मोठा झाला. पुन्हा टाकला. पुन्हा उचलला. "हा इथे रोज असतो?" सिस्टर म्हणाल्या, "मग कुठे वाळवायचा, तुमच्या ऑफिसात?" त्यानं तिथूनच कारखान्यात फोन लावला. "चाळीसच्या चाळीस थांबवा. भोकं पुढे घ्यायची आहेत. हो, माझं चुकलं."

तुम्ही त्या ड्राफ्ट्समनच्या हातात पट्टी दिलीत. भोक सरकवलं नव्हतंत. मीही खोटं काही उभं केलं नाही, टॉवेल तिथे रोज असतोच, असं कालपासून स्वतःला समजावते आहे. आज सकाळच्या मीटिंगमध्ये तो सगळ्यांसमोर म्हणाला, "मॅडमनी काहीच सांगितलं नाही, फक्त दाखवलं." मी मान डोलावली. खरं सांगावं तर तो चिडून पुन्हा रिपोर्टकडे वळेल आणि पंप उद्या निघतील. न सांगावं तर पुढच्या वेळी मी "चल, बघू" म्हटलं की तो निमूट येईल, आणि मी हेच करीन, याहून सहज.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. पण पंप डिझाइनकडे सोपवल्याची नोंद मलाच लिहायची होती. ती लिहून दुपारी त्याच्या टेबलावर ठेवली. तो जेवायला गेलेला असताना ठेवली, हेही कबूल करते. नोंद अशी:

सिरिंज पंप, नग चाळीस, अलार्मच्या दुरुस्तीसाठी डिझाइन खात्याच्या ताब्यात दिले. सोबत वॉर्डातल्या चाचणीची टिपणं, पानं दोन. शेरा: चाचणीच्या वेळी स्टँडवर टॉवेल मी स्वतः टाकला होता. देणार: माझी सही. घेणार: सही बाकी.