टाळी आणि जांभई

निरगुडसर, मंगळवार, एप्रिल २००७

सकाळी पुढाऱ्याच्या सभेला गेलो काय, संध्याकाळी टीव्हीवर! त्यांची बाजू घेणाऱ्या चॅनेलवर मी टाळ्या वाजवतोय, विरोधातल्या चॅनेलवर जांभई देतोय. दोन्ही मीच. टाळी वाजवली ती भाषण एकदाचं संपलं म्हणून. आणि जांभई? उन्हात बसवून ठेवल्यावर माणूस दुसरं काय करणार?

शेजारचा दत्तू ओरडतच आला, "राव, तुमी तर आमच्या पार्टीचे निघाले!" मागून त्याचाच चुलतभाऊ, "जांभई लई भारी व्हती, भाऊ. जिरवली त्यांची!"

पण मी उभा राहून विचारलं होतं, कालव्याला पाणी कधी सोडणार? तेव्हाही दोन्ही कॅमेरे माझ्यावरच होते. ते कुणीच दाखवलं नाही. पाण्याला टीआरपी नसतो का? डोकंच फिरलं. आणि तरी रिमोट हातातून सुटत नव्हता. हे चॅनेल, ते चॅनेल. टाळी, जांभई, पुन्हा टाळी.

हिनं ताट वाढता वाढता विचारलं, "मंग पाण्याचं काय म्हनले ते?"

घास हातातच राहिला. त्यांनी मला उत्तर दिलं होतं, एवढं नक्की. काय दिलं, ते काही केल्या आठवेना. टीव्हीवर आलंच नाही ना ते.