हरेशच्या चेहऱ्याचा साचा

मी, जनार्दन लक्ष्मण समेळ, वय सदुसष्ट, धंदा गणपती करणे, राहणार रामवाडी, पेण, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. छाती अधूनमधून दगा देते, डोके अजून देत नाही. कोणी धाक घातलेला नाही की चहा पाजून मन वळवलेले नाही. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही.

१. रामवाडीतले राहते घर व मागचा कारखाना मुलगा दिनानाथ याला. रंग फवारायचे यंत्र त्याने मला न विचारता आणले. सोवळ्याला नि दागिन्यांना ते खुशाल वापरावे, डोळे मात्र हातानेच आखावेत. माझे सगळे कुंचले त्यासाठी त्याला देत आहे.

२. पोस्टातली शिल्लक व तिच्या आईच्या पाटल्या मुलगी नमिता, राहणार रोहा, हिला. जावयांनी नेलेली शिडी त्यांनाच राहू द्यावी. मागून मागून माझेच तोंड दुखले.

३. नमिताच्या माळ्यावर माझा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात जुनी भांडी आहेत असे मी तिला सांगितले होते, ते खोटे. त्यात मिठागरावर काम करणाऱ्या इंदुबाईच्या मुलाच्या, हरेशच्या, चेहऱ्याचा साचा आहे. तो माझ्या मरणानंतर इंदुबाईला द्यावा. का, ते लिहितो.

१९९१ साली लढाईच्या सिनेमाचे लोक खाडीकडच्या मिठागरांवर आले. नवे रंगरूट, त्यांची कवायत, मग लढाई, अशी गोष्ट होती. गावची पोरे रंगरूट झाली आणि चाळीस मेलेले शिपाई करायचे काम माझ्याकडे आले. मला मेलेला चेहरा जमेना. हात सवयीने डोळ्यांत जीव घालायचा. शेवटी पोरांनाच आडवे केले, तोंडाला खोबरेल चोळले, नाकात पपईच्या देठाच्या नळ्या घातल्या आणि वरून प्लास्टर ओतले. सगळ्यांत शांत पडून राहिला तो हरेश.

कवायतीला पलटणीतून निवृत्त झालेले एक हवालदार होते. त्यांनी पोरांना पंधरा दिवस बांधावर पळवले. बाकीची पोरे कंटाळली, हरेशला ते पळणेच आवडले. सिनेमावाले गेले आणि तो खऱ्या भरतीला निघाला. इंदुबाई कारखान्यात आली. चाळिसांत पडलेला त्याचा पुतळा तिने बघितला होता आणि ती धसकली होती. तुझे ऐकेल तो, त्याला थांबव, असे म्हणाली.

आपल्याकडे डोक्याला कावळा शिवला की नातेवाइकांना मेल्याची खोटी बातमी धाडतात. ते रडले की अरिष्ट टळते. मी तिला म्हणालो, "तसंच समज. त्याचं मरण माझ्या हातून होऊन गेलं. आता त्याला काय व्हायचं नाय गो." ती हसली, आणि तिने त्याला जाऊ दिले. मला तेव्हा माझ्या हुशारीचे फार कौतुक वाटले होते.

१९९५च्या पौषात काश्मीरकडून पेटी आली. उघडू नका, असे सोबतच्या जवानांनी सांगितले. इंदुबाई तोंड दाखवा म्हणत पेटीवर हात आपटत राहिली. तेराव्यानंतर ती माझ्याकडे आली, तो पुतळा आहे का विचारायला. सिनेमावाल्यांनी सगळे नेले, साचे फुटले, असे मी सांगितले. साचा तेव्हा माझ्या पाठीमागच्या फळीवर होता. तो दिला तर माझे बोलणे तिला आठवेल, या भीतीने मी खोटे बोललो. मूर्ती रंगवायला घेतली की मला तिच्यावर मिटलेले डोळे दिसतात. त्यानंतरच्या एकाही गणपतीचे डोळे मी आखलेले नाहीत. दिनानाथला वाटते माझा हात कापतो. हात कापत नाही.

४. वरचे तिसरे कलम रद्द करीत आहे. कारण असे की, काल साक्षीसाठी सखाला बोलावले. तोही हरेशच्या शेजारी प्लास्टरखाली निजला होता, आता कंपनीत शिफ्टला जातो. त्याने कागद वाचला आणि पेन खाली ठेवले. "मेल्यावर कसला सांगतोस, काका? जित्तेपणी सांग, मग सही करतो."

आज सकाळी दिनानाथने रोह्याहून डबा आणला. इंदुबाईला बोलावले आणि वरचे सगळे वाचून दाखवले, कावळ्याचेसुद्धा. साचा तिने मांडीवर घेतला. साच्यात चेहरा उलटा, खोलगट असतो. त्यात तिने तळवा घातला आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत फिरवला. नाकाशी दोन भोके आहेत, ती कसली, असे विचारले. श्वासाची, मी म्हणालो. तिने त्यांवर बोटे ठेवली आणि चटका बसल्यासारखी उचलली.

मी म्हणालो, यात शाडू दाबून त्याचा चेहरा काढून देतो, आत्ताच देतो.

"नको, जनूदादा," ती म्हणाली. "तुझा हात नको लागायला त्याला."

साचा पदरात गुंडाळून ती गेली. मला माफी हवी होती, हे लिहून ठेवतो. ती मिळाली नाही.

सदर साचा आता माझ्या मिळकतीत नाही. माझ्या वारसांनी त्यावर कधीही हक्क सांगू नये.

लिहिलेले सर्व पुन्हा वाचले. खाडाखोड माझीच आहे.

ठिकाण: पेण
दिनांक: १२ नोव्हेंबर १९९८
सही: जनार्दन लक्ष्मण समेळ

साक्षीदार:
१. सखा धर्मा घरत. समक्ष सही केली. इंदुबाईला सांगितले ते मी ऐकले.
२. डॉ. अरविंद गानू, पेण. रक्तदाब वाढलेला आहे. मन सावध आहे.