पंपघराची मोटर

ता. ३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

मी मजेत आहे. पंपघर, त्याच्यामागची माझी खोली आणि समोरचं पाणी, तिघांचंही ठीक चाललंय. इथली शांतता तुम्हाला पैसे टाकूनही मिळायची नाही. तुमच्या मोटर-दुरुस्तीच्या दुकानातली ती ठाकठूक ऐकून माझं तर डोकंच उठेल.

बातमी अशी, की मोटर पुन्हा जळली. तूच दोनदा नवी तार गुंडाळून दिलेली, त्यामुळे दोष तुला देण्याची फार इच्छा होती. पण उघडली तर आत ओल. उघड्या अंगाची मोटर आणि खाली खड्ड्यात दमट हवा, तुझ्या तारेचं तरी काय चुकलं? कचेरीने आता नवीनच घ्यायचं ठरवलंय आणि साहेबांनी माझं मत लेखी मागवलंय. निवड दोनातून करायची: पिंजरा-रोटरची किंवा स्लिपरिंगची. पिंजऱ्याची घेतली तर पाण्याच्या पातळीवर आपोआप चालू-बंद होणारं पॅनेल बसवतील, मग इथे माणूस ठेवायचं कारण नाही. मला पेन्शन देऊन मोकळं करतील. स्लिपरिंगला मात्र हँडल फिरवणारा लागतो, ब्रश बघणारा लागतो, म्हणजे मी राहिलोच.

या धंद्यात तुझे केस पिकले, तूच सांग. पंप मी व्हॉल्व्ह बंद ठेवूनच सुरू करतो, हे तुला ठाऊक आहेच. भाची नोकरीला लांब गेल्यापासून तुमची मागची खोली मोकळी असेल ना? सहज विचारलं.

मेव्हण्यांना नमस्कार सांग. लोभ आहे तो वाढव.

तुझा दादा

ता. ११ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पावलं. माझ्या तारेला दोष दिला नाहीस, उपकार झाले. खोली कसली मोकळी! पोरगी गेली त्याच आठवड्यात ह्यांनी तिथे जळक्या मोटरी रचल्या. आम्ही दोघं समोरासमोर बसून कॉइल भरतो आणि संध्याकाळपर्यंत चार शब्द बोलत नाही. घर खायला उठतं.

आता मोटर. बाहेरच्या स्थिर स्टेटरच्या कॉइलांत तीन फेजची वीज आली की चुंबकाचं बळ आतल्या आत गरगर फिरतं आणि आतला फिरता रोटर त्याच्यामागे धावतो. गाठ कधी पडत नाही. पडली तर रोटरमध्ये वीजच उपजणार नाही आणि ओढ संपेल. एवढं दोन्हींत सारखं. फरक रोटरचा. पिंजऱ्यात नुसत्या सळ्या, टोकांना कड्यांनी जोडलेल्या. झिजणारं फारसं काही नाही, पण सुरू होताना वीज पाच-सहापट खाते. स्लिपरिंगमध्ये रोटरला तारेचे वेढे, त्यांची टोकं कड्यांवर आणि कड्यांवर ब्रश. बाहेरून रोध घालायचा आणि हँडल फिरवत हळूहळू काढायचा, म्हणजे कमी विजेत दणकट उचल मिळते.

माझं मत विचारशील तर स्लिपरिंग घे. सुरुवात मऊ होते, लाइनला धक्का बसत नाही. आणि चाललंय ते कशाला मोडायचं? ते पाणी, ती हवा सोडून तुला करमेल का? गेल्या खेपेला इथे दुसऱ्याच दिवशी तुझा जीव घुसमटला, मी पाहिलं ना.

तब्येतीला जप. माया पातळ होऊ देऊ नये ही विनंती.

तुझी भिंगरी

ता. १९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. आ.

मत वाचलं. मोटरीतलं मलाही थोडं कळतं. दगड फोडायचं यंत्र असो, मालाने भरलेला पट्टा असो, जिथे पहिल्या क्षणालाच ओझं अंगावर येतं तिथे स्लिपरिंग. माझा पंप व्हॉल्व्ह बंद ठेवून सुरू होतो, त्या वेळी त्याच्यावर ओझं असतं कितीसं? शिवाय ओलीत ब्रश म्हणजे रोजच्या ठिणग्या. बंद अंगाची, पंख्याने थंड होणारी पिंजऱ्याची मोटर, याला दुसरं उत्तर नाही. तुझ्या दुकानातलं स्टूलसुद्धा सांगेल. ते तुला कळलं नसेल हे मला पटत नाही.

म्हणून काय ते समजलो. हातच्या काकणाला आरसा कशाला? खोली भरलेली आहे आणि दादा आहे तिथेच बरा. राग नाही. ज्याचा त्याचा संसार असतो.

कचेरीला मी खरं तेच कळवलं, पिंजऱ्याची घ्या म्हणून. पंपाशी खोटं वागणं या वयात जमायचं नाही. पेन्शनीत एक खोली कुठेही मिळेल.

कळावे.

दादा

ता. २५ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ह्यांनी वाचलं आणि आधी माझ्यावरच उखडले, की पंपाला स्लिपरिंग सुचवणारी बाई आपल्या दुकानात बसलीच कशी. मग पत्र पुन्हा वाचलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

दादा, मला कळत नव्हतं का? धंद्याची लाज सोडून मी ते लिहिलं ते तुझ्यासाठी. दर पत्रात तुझी शांतता, तुझं पाणी, तुझी मजा. वाटलं, हे हातचं गेलं तर तू खचशील. तिथे करमत नाही असं एका ओळीने तरी कळवलंस कधी? गेल्या खेपेला पिशवी उचलून म्हणालास, पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. मी हसले, तुला जायचंच आहे असं समजून. अरे, ती म्हण पाहुण्यांसाठी आहे.

मोटरी व्हरांड्यात गेल्या. त्या हलवताना ह्यांच्या कमरेत उसण भरली, ती तुझ्या खात्यावर. खोलीत खाट टाकली आहे. तू हवा आहेस हे पहिल्याच पत्रात लिहायचं, ते राहिलं. तू सहज विचारलंस, मीही सहज उत्तर दिलं, आणि दोघंही चुकलो. ये.

मोठेपणा दाखवून लोभ पूर्ववत करावा.

तुझीच भिंगरी

ता. २२ मार्च

चि. भिंगरीस,
अनेकानेक उत्तम आशीर्वाद.

उत्तर लांबलं. मोटर बसेपर्यंत जागा सोडता येईना, आणि त्याआधी लिहायला हात धजेना. काल बसली. आपोआप लागते, आपोआप थांबते. मी शेजारी उभा, हात कुठे ठेवावेत ते समजेना. साहेबांनी पाठ थोपटली आणि गेले.

इथे मला करमत नाही, भिंगरी. कधीच करमलं नाही. सामान आणून देणाऱ्याशी मी वजनावरून मुद्दाम हुज्जत घालतो, तेवढाच तो जरा जास्त थांबतो. तुझं पत्र आलं तेव्हा मोटरीविना पंपघर थंड पडलं होतं. मी ते तिथे मोठ्याने वाचलं. पुष्कळ दिवसांनी त्या भिंतींत माणसाचा आवाज झाला. तोंड माझं, बोलणं तुझं. शेवटचं 'ये' दोनदा वाचलं. इथे मला कुणी कधी 'ये' म्हटलेलं नाही.

सोमवारी निघतो. लोभ असावा असं या खेपेला लिहीत नाही, समोर बसून मागेन.

दादा