एका नावावर दोघी

१५ नोव्हेंबर १९९९

दिवाळी करून केजहून माजलगावला आलो. साखर कारखान्याची खोली मिळाली, नळ दारातच हाय. ह्यांना वजनकाट्यावर काम लागलं आन् मला कम्प्युटरच्या खोलीत झाडायचं. चपला बाहेर काढायच्या. आत मशिनीला उकडू नये म्हणून थंड हवा सोडत्यात. मला सासरी बी इतकं जपलं न्हाई कुणी.

मशिनीचं औरंगाबादचे वीरेश सर बघत्यात. मोठी मशीन एकच, पर तिला दोन कार्डं, दोन वायरी. एक काट्याच्या पेटीत जाती, दुसरी हापिसाच्या. उसाचं वजन एकीतून येतं आन् दुसरीतून हापिसात जातं. सर एवढंच म्हणले की वहिनी, वायरीला हात लावू नका. मी सातवी शिकलेय म्हणल्यावर त्यांनी ही कोरी डायरी दिली.

माझी लेक ईश्वरी कोपऱ्यात पोत्यावर खेळती. दीड वर्साची झाली, अजून बोलत न्हाई. माझी थोरली लेक, पहिली ईश्वरी, चार वर्साची होऊन तापात गेली. तिला केजला शेताच्या कडंला पुरलं. ही झाली तवा बारशाला मी तेच नाव ठिवलं, म्हणले तीच आलीय माघारी. सासूबाई म्हणल्या, तिचं नाव तिला राहू दे, एका नावावर दोघी कशा ऱ्हातील? मी लई रडले, मग त्यांनी ऐकलं.

१८ नोव्हेंबर

झाडताना काट्याची वायर केरसुणीत अडकून निघाली. दोन्ही पेट्या शेजारीच. जिथं भोक रिकामं दिसलं तिथं खोचली. हिरवा दिवा लागला. म्हणजे बरोबरच असंल. कुणाला सांगितलं न्हाई.

१९ नोव्हेंबर

सकाळपासून वजनच लागंना. ट्रॅक्टरची रांग पार सडकेपर्यंत. डायवर लोक ह्यांच्यावर चढले, एक जण म्हणला, झोपेत बटनं दाबतो का बे. दुपारी वीरेश सरांना घावलं. दोन्ही वायरी एकाच पेटीत. असं झालं की एका कार्डाला हाक मारावी आन् दुसऱ्यानंच ओ द्यावी, सामान भलत्याच दारात पडतं, असं ते म्हणले. वायर जागेवर लावली तरी बाकीच्या मशिनींच्या ध्यानात जुनंच होतं. समद्या बंद करून परत चालू केल्या, तवा इसरल्या.

कुणी केलं म्हणून इचारलं. मी फडकं पिळत बसले. ह्यांच्यावर आलं, ह्यांना काट्यावरून काढून उसाच्या भुशाकडं टाकलं.

समदं झाल्यावर मी पोतं उचललं आन् ईश्वरीला हाक मारली. तिनं मान वळवली, तोंड उघडलं न्हाई.

मशिनीच्या मागून ओ आली. "आले गं आई."

२० नोव्हेंबर

मागं कुणी न्हाई. भिंत हाय.

घरी बी तसंच. दूधभाकर कालवून वाटी ठिवली, हाक मारली, चूल बघून वळले. वाटी रिकामी. लेकराचं तोंड कोरडं, भुकेनं रडतंय.

२२ नोव्हेंबर

कडेवर हलकी लागती. हाक मारू का नको? मारली की खाणं तिकडं जातं. न मारता भरवलं तर थुकती.

दोष थोरलीचा न्हाई. तिचं नाव मीच काढून दुसरीला दिलं. ती कुठं जाणार? हाक तिची हाय, ती येणारच.

२३ नोव्हेंबर

सासूबाईंना केजला सांगावा धाडून बोलावलं. ह्यांना वायरीचं बी सांगून टाकलं. हे म्हणले, आधी लेकराचं बघू. पाळणा बांधला. कानात नवं नाव सांगितलं, स्वप्नाली. थोरलीला हात जोडले, बाय, तुझं नाव तुला, जा आता.

सासूबाईंनी समद्यांना बजावलं, जुनं नाव आता कुणाच्या तोंडात नको. जास्ती मला बजावलं.

२५ नोव्हेंबर

वाटीभर खाल्लं. वाटी पुढं करून परत मागितलं. देवा.

२७ नोव्हेंबर

कम्प्युटरच्या खोलीचं दार उघडं राहिलं. स्वप्नाली दुडूदुडू भाईर. मी बघितलं तवा ट्रॅक्टरच्या चाकापाशी. डायवर वर बघत होता, चाक हाललं —

वरडले. तोंडातून जुनंच आलं.

ईश्वरी.

ती थांबली. वळली. सरळ चालत आली, न पडता. माझ्या पदराला धरून म्हणली, "आले गं आई."

माझ्या लेकराच्या तोंडातून.

परत खोलीत बसलेय. सर जेवायला गेलेत. ही मांडीवर हाय. समदं नीट बोलती. केजच्या शेताचं इचारती. तापातल्या गोधडीचं इचारती. माझं नाव तिला का दिलतंस, म्हणती.

मशिनी बंद करून चालू केल्या, तवा इसरल्या. मला कुणी बंद करावं. जुनं नाव मीच इसरले न्हाई.

मशिनीच्या मागं कुणीतरी रडतंय. धाकट्या लेकरावानी. त्याला बोलता येत न्हाई —

हाक मारली की येईल. नव्या नावानं. ही माझ्या तोंडावर हात धरती. हात लई गार. डोकं हालवती, नको म्हणती.

रडणं बारीक व्हायलंय.

एकदाच मारते. हात काढला की — स्वप्